पिशवीतला दुसरा बोर्ड

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता नीट आठवत नाही, पण तुमचं ते कुलूप आठवतं. लॅबच्या खिडकीशेजारचं लोखंडी कपाट, त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले नवेकोरे सर्किट बोर्ड, आणि किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात. आम्ही मायक्रोप्रोसेसर शिकलो तो फळ्यावर. तुम्ही रंगीत खडूंनी क्लॉकची लाट काढायचात, तिच्याखाली कमांडची रेघ, तिच्याखाली उत्तराची. खोटं कशाला बोलू, तसं सुबक नंतर कुणी काढलेलं मी पाहिलं नाही. बोर्ड मात्र तपासणीची समिती यायची तेव्हाच बाहेर निघायचे. टेबलावर धुतलेली चादर, तिच्यावर बोर्ड, आणि पाहुण्यांसाठी चहा-बिस्किटं. मी कळवणहून आलेली, पहिल्या बाकावरची, तुमची लाडकी. मला वाटलं, आपण हात लावला तर चालेल. बोट टेकतंय न टेकतंय तोच तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "ए, हात काढ! तुझ्या बापानं आणून दिलाय का? जळला तर कोण भरणार?" समितीतले एक गृहस्थ हसले. तो हात मी डिप्लोमा संपेपर्यंत पुन्हा पुढे केला नाही.

आता मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत आहे. लासलगावच्या एका व्यापाऱ्याला त्याच्या कांद्याच्या गोदामातली उष्णता आणि ओल नोंदवणारं यंत्र हवं होतं, आणि ते काम पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या जबाबदारीवर आलं. नव्या बोर्डावर लिनक्सचं कर्नल, म्हणजे सगळं यंत्र चालवणारा गाभ्याचा प्रोग्राम, चढवायचं. तुमच्या वेळी हे आपल्याकडे नव्हतं म्हणून सांगते: कर्नल सुरू होतं, आणि मग बाकीचं सगळं उचलायला मेमरी कार्डाकडे जातं. कार्डाशी बोलणं हे ड्रायव्हरचं काम, आणि तो ड्रायव्हर मला या बोर्डावर चालता करायचा होता. माझं कर्नल उठायचं, कार्डाला हाक मारायचं आणि तिथेच बसून राहायचं. स्क्रीनवर रोज तीच शेवटची ओळ, कार्डाची वाट पाहतोय. मी क्लॉक कमी केला, व्होल्टेज तपासलं, पिनांची मांडणी पुन्हा लिहिली, मध्ये थांबे घातले, चिपचं मॅन्युअल पाठ होईपर्यंत वाचलं. स्कोप लावून तारेवरच्या लाटा पाहिल्या तर कमांड जाताना स्पष्ट दिसायची आणि उत्तराच्या जागी सपाट रेघ. म्हणजे चूक माझ्याच कोडमध्ये, असं मी धरून चालले. व्यापारी येऊन खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "मॅडम, लय दिस झाले. कांदा काय तुमच्यासाठी थांबनार हाय का?" आमच्या साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला, "सोमवारी त्यांना दाखवायचंय. नाही उठलं तर काम आपल्या पुण्याच्या टीमला."

माझ्याकडे बोर्ड दोन होते, सर. दुसरा चंदेरी पिशवीत, सील न फोडलेला, माझ्या ड्रॉवरमध्ये. तो मी डेमोसाठी राखून ठेवला होता. चांगला आहे, पाहुण्यांसमोर काढू. जो आठवडेच्या आठवडे माझ्या शिव्या खात होता, तो जुना मी हातात घेत होते, आणि नवा जळेल म्हणून त्याच्याकडे बघतही नव्हते. कोडच चालत नाही तर नवा कशाला जाळा, म्हणून सोमवारीही मी पिशवी फोडली नाही; व्यापारी आला, बंद यंत्र बघून गेला, आणि काम माझ्या हातून गेलं. दोन्ही बोर्ड आणि माझं कोड मी स्वतः पॅक करून पुण्याला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खायला बसलेली असताना पुण्याहून फोन येतो. तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, हे तर चालतंय. कार्ड लगेच दिसलं. तुम्ही अडकला होतात तरी कुठे?" त्याने खोक्यातून पहिला हाती लागला तो बोर्ड घेतला, पिशवी टरकन फाडली आणि माझं कोड आहे तसं चढवलं. एक ओळसुद्धा बदलली नाही. माझ्या जुन्या बोर्डावर कार्डाच्या खाचेचा एक पाय नीट सोल्डर केलेला नव्हता, एवढंच. ड्रायव्हर कधीचा बरोबर होता. संध्याकाळी सगळ्यांना मेल आला, पुण्याच्या टीमने एका दिवसात काम फत्ते केलं म्हणून अभिनंदन.

मला रडू आलं नाही. संताप आला, आणि तो त्या मुलावर नाही, तुमच्यावर आला. त्याला कुणीतरी कधीतरी एखादा बोर्ड जाळू दिला असणार. तुम्ही आम्हाला वस्तू वापरायला नाही, वस्तूला भ्यायला शिकवलंत. आमच्यापेक्षा ते बोर्ड तुम्हाला मोलाचे होते, आणि शेवटी त्यांचं झालं काय? भंगारात गेले म्हणे, प्लॅस्टिकसकट. एकाही पोराने त्यांच्यावर एक दिवा लावून पाहिला नाही. गुरुपौर्णिमेला वर्गातले सगळे ग्रुपवर तुमचा फोटो टाकतात, खाली हात जोडतात. मी फोटो बघते आणि ग्रुप बंद करते. हे सगळं तुमच्या घरी कुणाला सांगायला जाणार नाही, आणि हे पत्रही कुठे पाठवायचं नाही.

पण एक गोष्ट राहिली. नंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, बाहेर सगळे ऐकत होते. "दुसरा बोर्ड लावून का नाही पाहिलात?" मी म्हटलं, डेमोसाठी ठेवला होता. ते खुर्चीत मागे रेलून हसले, "वा! कोणत्या मास्तरने शिकवलं हो हे तुम्हाला?" तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. घेतलं असतं तर मला मोकळं वाटलं असतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "माझंच चुकलं." त्या माणसाने तुम्हाला हसलेलं मला चाललं नसतं.