माळ्यावरचा वर्णानुक्रम

माननीय व्याहीबुवांस,

नमस्कार. आपल्या उजव्या गुडघ्याचे वर्तमान आधी आणि डाव्याचे नंतर, असे क्रमाने कळवावे. गेल्या पत्रात आपण दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्यामुळे नेमका कोणता सुजला होता, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. विहीणबाईंचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे सर्वांची प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य प्रारंभी लिहावयाचे असते, म्हणून लिहिले. वस्तुतः तिघे शिंकत आहेत आणि चौथा, म्हणजे मी, खोकत आहे.)

पत्रास कारण असे की, आपल्या कन्येने गेले सतरा दिवस माझ्याशी वाद घातलेला नाही. आठ वर्षांत असे कधी घडले नव्हते. मी काहीही म्हटले की ती "बरं, बाबा" म्हणते आणि आपल्या कामाला लागते. या घरात मला विरोध करणारे एवढे एकच शहाणे माणूस आहे. तेही गप्प झाले, तर माझ्या वाट्याला केवळ आज्ञाधारक मंडळी उरतील. आणि माझे चिरंजीव आज्ञाधारकपणे काय काय करून ठेवतात, हे आपण जाणताच.

चूक माझी आहे. (हे वाक्य मी तीनदा तपासले. त्यात दुरुस्तीला जागा नाही.) थंडी ओसरली की आमच्या घराचे रूप पालटते. जाड पडदे उतरतात, गालिचा गुंडाळला जातो, रजया माळ्यावर चढतात आणि माझी खाट भिंतीपासून खिडकीकडे सरकते. या पालटाची तारीख गेली पंचेचाळीस वर्षे मी जाहीर करीत आलो आहे. सकाळी मी जाहीर करावे आणि सायंकाळपर्यंत सर्व झालेले असावे. पूर्वी सौभाग्यवतीच्या काळी तसे, तिच्या पश्चात सूनबाईच्या काळी तसेच. ते माझ्या जाहीर करण्यामुळे होते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कोंबडे झाकले तरी उजाडावयाचे राहत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पण ते आरवले नाही तरी राहत नाही, हे त्या कोंबड्याला कोणी सांगावे?

यंदा जाहीर केल्यावर मला आतल्या खोलीच्या दारामागे एक फुगलेली पिशवी आढळली. तीत प्रत्येकाचा एकेक स्वेटर, दोन शाली, मोजे. मी कारण विचारले. "असू द्या, बाबा. थंडी एकदा जाऊन परत येते," ती म्हणाली. वास्तविक येथेच थांबावयास हवे होते. परंतु "थंडी काय तुला विचारून येते? यापुढे माळा मी बघेन!" असे मी तिच्या नवऱ्यादेखत आणि मुलीदेखत बोललो. तिने जुडग्यातून माळ्याची किल्ली सोडवली आणि मेजावर ठेवली. तो पहिला "बरं, बाबा".

आता, चौतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या माणसाने माळा हाती घेतल्यावर काय करावे? ज्याचे-त्याचे गाठोडे बांधण्याची बायकी पद्धत (हा शब्द मी मागे घेतो, परंतु खोडीत नाही, कारण पत्रात खाडाखोड मला खपत नाही) मोडून मी सर्व सामान वर्णानुक्रमे लावले. दारामागची पिशवीही रिकामी करून त्यात मिळविली. अ अक्षर दर्शनी हवे, म्हणून ह सर्वांत आत. अभ्रे, आरामखुर्चीची गादी, कानटोप्या, गालिचा, छत्र्या, पडदे, मोजे, रजया, शाली, स्वेटर, हातमोजे. प्रत्येक गाठोड्यावर सुवाच्य चिठ्ठी. चिरंजीव शिडीवरून म्हणाले, "बाबा, कोशच झाला हो!" मला ती स्तुती वाटली.

पाचव्या दिवशी थंडी परत आली.

व्याहीबुवा, ऊब देणारी प्रत्येक वस्तू वर्णमालेच्या उत्तरार्धात असते, हे माझ्या ध्यानात कधीच आले नव्हते. अपवाद फक्त कानटोपीचा. त्या सायंकाळी आम्ही चौघे सुती कपड्यांवर कानटोप्या चढवून बसलो होतो. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर डोकावले आणि "प्रवासाला निघालात, की परत आलात?" असे विचारून गेले. नात दर पाच मिनिटांनी विचारी, "आजोबा, स पर्यंत पोहोचलो का?" चिरंजीव तेव्हा छ पर्यंत पोहोचले होते, पुढच्याच क्षणी ते छत्र्यांसह खाली पोहोचले. (मुका मार. आता बरे आहेत.) स लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, तोवर सर्वांची नाके वाहू लागली होती.

"मी म्हटलं होतं ना?" हे वाक्य ऐकण्याच्या तयारीने मी दोन दिवस बसून होतो. सूनबाईने ते उच्चारले नाही. माझ्या पायांशी गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून ठेवली.

शेवटी स्वेटर अंगात घालताना मला दिसले की, त्याची दोन्ही कोपरे केव्हातरी झिजली होती आणि दुसऱ्या लोकरीने विणून सांधली होती. रंग इतका जुळता, की आठ हिवाळे मी लोकरीच्या टिकाऊपणाची वाखाणणी करीत फिरलो. जन्मभर इतरांच्या चुका हुडकल्या. जे बिनचूक असते त्यावर माझी नजर थांबतच नाही, ही त्या व्यवसायाची खोड. आपण उभयतांनी अशी मुलगी वाढविलीत आणि आमच्या घरी दिलीत, याबद्दल आठ वर्षे उशिरा, परंतु मनःपूर्वक, आभार मानतो.

लहानांस आशीर्वाद. थोरांस नमस्कार, माझ्याहून थोर आता फारसे उरले नसल्याने तो आपण दोघांनीच वाटून घ्यावा.

आपला,
खोकणारा व्याही

ता. क. : मुख्य विनंती राहिली. आपण सूनबाईस दूरध्वनी करावा आणि माझ्याशी पूर्ववत भांडण्यास सांगावे. मी सुचविले असे सांगू नये. सुरुवात तिला सोपी जावी म्हणून मी उद्या काहीतरी धडधडीत चुकीचे बोलेन.

पुन्हा ता. क. : पाकिटावर पत्ता घालण्यासाठी पत्र सूनबाईकडे दिले. (उघडे का दिले, हे विचारू नये.) दहा मिनिटांत ती दारात उभी. "अबोला कसला, बाबा? ऑफिसात तपासणी चालली होती. तुमच्याशी भांडायचं म्हणजे निदान अर्धा तास लागतो, तो आणू कुठून?" ती रागावलीच होती आणि ते रास्तच होते, असे माझे म्हणणे, मुळीच नव्हते, असे तिचे. पाऊण तास झाला, निकाल लागला नाही. किल्ली तिने मला न विचारता उचलली आहे. सबब वरील विनंती रद्द समजावी. पत्र पाठवू नये असाही तिचा आग्रह होता. तरी ते आपल्या हाती पडले म्हणून मी जिंकलो असे मानू नये, कारण पेटीत टाकण्यास तीच निघाली आहे. जाताना "गार वारं सुटलंय, खिडकी उघडायची नाही" असे बजावते आहे. ती वळली की उघडतो आणि तिची वाट पाहत बसतो.