कुसुमला पुण्याला नेतो आहे

आई,

सकाळी सहा वाजता कुसुमला दोनदा उलटी झाली आणि ती चुलीपाशी कोसळली. तू तेव्हा बेंबी बसवणाऱ्या गोजाबाईंना आणायला चऱ्होलीला निघून गेली होतीस. तिला पुण्याच्या दवाखान्यात नेतो आहे.

बेंबी सरकलेली नाही. तिच्या बीजकोशावर पाण्याची गाठ आहे. महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं. अशा गाठी पुष्कळदा आपोआप जिरतात, म्हणून वाट बघायची होती. पण एकाएकी जोराची कळ येऊन उलट्या झाल्या, ताप किंवा घेरी आली, तर गाठीला पीळ पडला असेल, तासभरही थांबू नका, असं त्यांनी बजावलं होतं.

तिला दिवस गेले असं समजून तू आशा धरलीस. "आत्याबाईंचा आनंद मोडवत नाही मला," असं ती म्हणाली आणि मीही गप्प राहिलो. चूक माझी. पहाटे कळ उठली तेव्हा तू तिचं पोट चोळलंस ते मायेनं. मनाला लावून घेऊ नकोस.

कदाचित ऑपरेशन करावं लागेल, म्हणून तिला पाण्याचा घोटही दिलेला नाही. एक बीजकोश काढला तरी दुसऱ्यावर मूल होऊ शकतं, हे आता पुन्हा तिला सांगितलं. तर म्हणते, "ते राहू द्या. गोजाबाई एवढ्या लांबून येतील, त्यांना चहा दिल्याशिवाय लावून देऊ नका म्हणावं."

साडेसहा झाले. उद्धवरावांची मोटार दारात आली आहे. कळ थांबलेली नाही, पण कुसुम बोलते आहे.

ज्योतीराम