तळघरातली वाइन अस्वस्थ झाली तेव्हा

ती. सौ. ओरेलीताईस,

धाकट्या अँसेल्मचा नमस्कार. तुझ्या गुडघ्याला उतार असेल, आणि भावोजी पूर्वीसारखेच चिडत असतील तर तेही ठणठणीत आहेत असं मी धरून चालतो. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (गेल्या आठवड्यात हे वाक्य लिहायचं धाडस झालं नसतं.)

आमचं व्हूव्रेचं तळघर तू पाहिलं आहेस. तळघर कसलं, डोंगराच्या पोटातली गुहा. राजेलोकांच्या महालांसाठी इथला पांढरा दगड कापून लुआर नदीतून नेला, आणि उरलेल्या भोकात सिदोनीच्या माहेरच्या पूर्वजांनी वाइन ठेवली. बाहेर द्राक्षवेली फुलल्या की आतली वाइनही अस्वस्थ होते, असं हे घराणं तेव्हापासून मानत आलंय. मी कापडदुकानात वाढलो. कापड कधी अस्वस्थ होत नाही, म्हणून मी मनातल्या मनात हसायचो.

यंदा सासरेबुवांनी फसफसणाऱ्या वाइनमध्ये साखर फार सढळ हाताने घातली, आणि साखर जितकी जास्त, तितका बंद बाटलीत वायू जास्त. वेली फुलल्या, आणि गुरुवारी दुपारी जेवताना आतून पहिला बार निघाला. मग दुसरा. एक बाटली फुटली की काचा शेजारणीला लागतात, शेजारीण फुटते, आणि भांडण गल्लीभर पसरतं. सासरेबुवा त्याआधीच वाइन बघायला आत गेलेले, आणि काचांपासून तोंड वाचवणारा जाळीचा मुखवटा बाहेर खिळ्यालाच. सिदोनीने तो माझ्या हातात दिला.

"बाबा आत आहेत," एवढंच म्हणाली. ती रडली असती तर तिची समजूत घालत मला बाहेर थांबता आलं असतं.

मी रांगत गेलो. (उभ्याने जाणारे शूर असतात, मी नाही.) एका हातात मेणबत्ती होती, डोक्यावरून काचा जात होत्या, आणि मी येताजाता ज्यांची टिंगल केली त्या सगळ्या संतांची नावं घेत होतो. सासरेबुवा मोठ्या पिंपाआड अंग चोरून बसलेले सापडले. कपाळावरून रक्त ओघळत होतं. गावभर ज्यांचा दरारा, ते हुडहुडी भरल्यासारखे कापत होते. मुखवटा एक आणि तोंडं दोन. तो मी त्यांना चढवला आणि माझं तोंड त्यांच्या कोटात खुपसलं.

"अँसेल्म, जाऊ नकोस रे," ते म्हणाले. लग्नापासून मला 'जावईबापू' म्हणणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. बाहेर पडायला पुन्हा त्याच काचांखालून रांगावं लागलं असतं, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांचा हात मी घट्ट धरला. बार थांबले तरी बराच वेळ दोघांपैकी कोणीच तो सोडला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मुखवटा काढला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना शांतपणे सांगितलं, "जावईबापू फार घाबरले होते. त्यांच्याजवळ बसावं लागलं."

मी म्हटलं, "हो."

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अँसेल्म

ता. क. तुमचं तळघर आमच्यापेक्षा थंड आहे, म्हणून न फुटलेल्या बाटल्या तुझ्याकडे ठेवायचं आम्ही ठरवलंय. नाही म्हणू नकोस. म्हणायला उशीरही झालाय, हे पत्र त्याच गाडीतून येतंय.

आणखी ता. क. गाडीवानाला गाडी अगदी हळू हाकायला सांगितलंय. का, ते सांगितलेलं नाही. पेट्या भावोजींनाच उतरवू दे.