मायचे फोटो आणि गव्हाची कोठी

१६ एप्रिल २०२४
परवाच्या जयंतीचे फोटो पाहिले. पांढऱ्या साडीत माय तोंडभर हसते आहे, दात नसल्याची लाज न बाळगता. हे फोटो शंभर वर्षं टिकले पाहिजेत. घरात कुणाला फिकीर नाही. रेकॉर्ड विभागात एकोणीस वर्षं काढलेल्या माणसालाच हे करावं लागणार.

२१ एप्रिल
सगळ्यांचे मोबाईल जमा. आठ हजार फोटो. एक कॉपी हार्ड डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर. मोबाईल साफ. कागद दहा टेबलांवर फिरला की गहाळ होतो, हा ऑफिसचा अनुभव. कारंज्याहून बहीण पौर्णिमा आली होती. मायचा एक तरी राहू दे म्हणाली. नियम म्हणजे नियम. स्वतःच्या हाताने उडवला. रडली. कळेल पुढे.

४ मे
जागा सापडली! गव्हाची कोठी. ओल नाही, उंदीर नाही. दोन्ही वस्तू एकाच कापडी पिशवीत, म्हणजे शोधाशोध नको. किडीच्या गोळ्या जरा जास्तच टाकल्या. बायको म्हणाली, त्या गोळ्यायनं माणूस मरते, तुमच्या डबड्याले काईच नाई होनार काय? यंत्राला नाक नसतं, हे तिला कोण सांगणार!

१ सप्टेंबर
पेपरात लेख : बॅकअप अधूनमधून उघडून पाहा. उद्या पाहू. गहू खालच्या तोंडातून निघतो, वरच्या झाकणावर गाद्या आहेत.

२९ सप्टेंबर
गाद्या आहेत.

११ नोव्हेंबर
माय गेली. लिहवत नाही.

१४ नोव्हेंबर
पुण्यानुमोदनाला फोटो हवा. पिशवी काढली. पिना काळ्याहिरव्या, दोन्ही बंद. वाशिमला दुरुस्तीवाल्या मदनसिंगकडे गेलो. त्याने वास घेतला. गोळ्यायच्या गॅसनं आतलं तांबं खाल्लं, म्हणाला, धान्यात ठेवाले कोनं सांगतलं? दुसरी कॉपी कुठे आहे, विचारलं. मी पिशवी उचलून निघालो. त्याला नीट उघडता आलं नसेल.

१७ नोव्हेंबर
पुण्यानुमोदन झालं. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. तोंड मिटलेलं, डोळे घाबरलेले. पौर्णिमाने फोटोला फूल वाहिलं. मग म्हणाली, दादा, माय अशी नोती.
पंगतीला त्याच कोठीतला गहू काढला. एक दाणा किडलेला नव्हता.