तेवीस खिडक्या आणि एक मोतीबिंदू

चि. चिमणीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. तुझी सर्दी गेली का? (नसेल तर मामीला कळू देऊ नकोस, फोनवरून वाफ घ्यायला लावेल.)

मागच्या खेपेला आमच्या कॉम्प्युटरवर पॉप-अप अडवणारा जो राखणदार तू बसवून गेलीस, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं! पूर्वी बातम्या उघडल्या की केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती टपाटप समोर यायच्या (माझं टक्कल त्यांना कुठून दिसायचं, देव जाणे). आता चिटपाखरू आत येत नाही. कचेरीच्या खिडकीवर मी एकोणचाळीस वर्षं अर्ज तपासले, पण इतकं चोख 'नाही' मलाही कधी जमलं नाही.

परवा मामीच्या मोतीबिंदूसाठी दवाखान्याची वेळ घ्यायला बसलो. आता लांबवू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. 'अर्ज भरा'वर टिचकी मारली. ढिम्म. पुन्हा मारली, पुन्हा ढिम्म. जेवणाची वेळ टळली. यंत्राला, दवाखान्याला आणि (माफ कर) तुलाही लाखोली वाहून झाली. तेवढ्यात मामी मागे येऊन उभी राहिली. जिला हल्ली तांदळातला खडा दिसत नाही, तिला वरच्या कोपऱ्यातली एवढीशी खूण दिसली! म्हणाली, "अहो, अर्ज नव्या खिडकीत उघडतोय आणि तुमचा राखणदार त्याला दारातच अडवतोय. येऊ द्या की त्याला." दिला येऊ. माझ्या टिचक्या तेवीस झाल्या होत्या, तेव्हा अर्जही तेवीस आले.

समोर आलेला अर्ज कोरा सोडणं माझ्या हातून जन्मात झालेलं नाही. सगळे भरले. (बाविसाव्यात मामीचं वय दोन वर्षांनी कमी लिहिलं, तेवढीच ती खूश.) दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंचा फोन, "काका, काकूंना डोळे किती?" मामीनंच फोन घेतला, बावीस अर्ज रद्द करवले, एक ठेवला. ऑपरेशन तिचं, आणि धीर मला देतेय. अशी बाई शोधून सापडायची नाही.

तुझा,
मामा

ता. क. : राखणदार राहू दे. गुणी आहे.

ता. क. २ : ऑपरेशन सोळा तारखेला, सकाळी नऊला. पोरीला रजा काढायला लावू नका, असं मामीनं बजावलंय. मी 'बरं' म्हटलंय. तू ये. तिला आत नेलं की बाहेरच्या बाकावर मला एकट्याला बसवणार नाही.

ता. क. ३ : ते तेवीस अर्ज सवयीनं भरले, हे खोटं. एक तरी नक्की पोचावा म्हणून भरले. तिला सांगू नकोस.