आईच्या नेलपॉलिशचं मशीन

कवाला, गुरुवार

प्रिय फोती,

सहा वर्षांत दोनदा तुला पत्र लिहायला घेतलं आणि दोन्हीदा फाडून टाकलं. हे मात्र पोस्टात टाकणार आहे. मधलं वाचताना चिडलास तरी शेवटपर्यंत वाच, एवढं बहिणीचं ऐक.

आपल्या खानावळीतलं बिलाचं जुनं यंत्र एकदाचं गेलं. हिशेबनीस कधीचा मागे लागला होता. आता काउंटरवर सपाट पडदा आलाय, बोट लावलं की ऑर्डर थेट स्वयंपाकघरात. ज्या माणसाने तो बसवला त्याने तू बसवलेला ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा प्रिंटर काढला आणि चुलीशेजारी नवा ठेवला. शाईची फीत नाही, खडखड नाही, कागद कधी बाहेर आला तेही कळत नाही. तुझा प्रिंटर हातात घेऊन म्हणाला, हा संग्रहालयात द्या. मला राग आला, पण गप्प बसले. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार, हे तुला वेगळं सांगायला नको.

पुढच्याच रविवारी दुपारी बाहेरची सगळी टेबलं भरलेली. लोक पाव चघळून कंटाळले तरी आतून एक ताट येईना. तणतणत आत गेले. देस्पो, आई गेल्यावर हाताखाली ठेवलेली बाई, मागे अंगणात मासे साफ करत होती. बाबा चुलीपुढे उभे होते, हात धुऊन, स्वच्छ एप्रन बांधून, अगदी तयार. त्यांच्या कोपरापाशी अकरा ऑर्डरींची पट्टी लोंबत होती, धगीने काळी पडत चाललेली. आणि ते मला म्हणाले, "आज गावात कुणाला भूक नाही का गं, स्तामू?"

फोती, बाबांना दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला. प्रिंटर खडखडला की ते चिठ्ठी टरकन फाडायचे आणि देस्पोपुढे धरायचे, वाच गं, माझे हात ओले आहेत. तीन वर्षं त्यांचे हात ओलेच होते आणि मला मेलीला शंकासुद्धा आली नाही. तुला मात्र सहा वर्षांपूर्वीच आली होती. आई गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात तू म्हणालास, बाबांनी डॉक्टरला डोळे दाखवावेत आणि चूल सोडावी. ते म्हणाले, ज्याला माझी चूल हवी त्याने या घरात राहू नये. तू माझ्याकडे पाहिलंस. मी ताटं उचलायला लागले. तू जर्मनीला गेलास त्याला बाबांचा राग जेवढा कारण, तेवढीच माझी ती ताटंही.

सोमवारी तुझा प्रिंटर कोठीतून काढला. त्याच्या मागचं ते रुंद, दोन स्क्रूंचं सॉकेट. नव्या पडद्याला तसलं भोकच नाही. पडदावाल्यांना फोन केला, तर म्हणे होणार नाही. मग बंदरावरच्या दुरुस्तीवाल्या बाईकडून मधे जोडायची एक डबी आणली, एका बाजूला जुनी वायर, दुसऱ्या बाजूला नवी. चालू केलं तर कागदभर नुसती प्रश्नचिन्हं आणि चौकोन. तीन दिवस डोकं फोडलं. शेवटी वैतागून तो उपडा केला, तर खालच्या बारीक खटक्यांवर तू थापलेलं आईचं लाल नेलपॉलिश, कुणी हलवू नये म्हणून. ते पाहून मी जमिनीवर बसले आणि पोटभर रडले. मग आठवलं, तू सांगितलं होतंस की दोन्हीकडचा वेग एक नसला तर एकाचं दुसऱ्याला कळत नाही. आणि कागदाचं बटण दाबून धरून चालू केलं की तो स्वतःची सगळी माहिती छापून देतो. दाबलं. छापून आली. तेच आकडे पडद्यात भरले आणि एक भरलेल्या माकुलाची ऑर्डर पाठवली.

बाबा अंगणात अंजिराखाली बोटांनी चाचपून मसूर निवडत होते. खडखड ऐकली आणि ताट तसंच टाकून, भिंतीला हात लावत आत आले. "फोती आलाय?" ते मशीन दुसरं कुणी चालू करू शकेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. म्हटलं, त्याने फोनवर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी प्रिंटरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "माझ्याशी बोलला असता, तर मी काय खाल्लं असतं का त्याला?"

आता बाबा परत चुलीपुढे असतात. मशीन वाजतं, देस्पो मोठ्याने वाचते, ओल्या हातांची गरज उरली नाही. पण सोमवारी आपलं बंद असतं ना, तर गेले तीन सोमवार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सकाळपासून फोनजवळ बसतात. देस्पोला सांगतात, गुडघा दुखतोय म्हणून बसलोय. फोती, मी खोटं बोलले आणि आता ते मला एकटीला निभावत नाही. येत्या सोमवारी फोन कर. डोळ्यांचं काही विचारू नकोस. मशीन कसं चाललंय, तेवढंच विचार.

तेव्हा गप्प बसलेली, तुझीच
स्तामातिया