पांढऱ्या रक्ताचे मासे

प्रिय ताई,

समोर बसले तर तू मला बोलूच देणार नाहीस, म्हणून कागद घेतला. आत्ताच शीतकक्षातून बाहेर आलेय. उणे एक अंशात चार तास काढल्यावर बोटं अजून वाकत नाहीत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

प्रयोगाची तिसरी खेपही आधीच्या दोन्हींसारखीच गेली. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाखालून आणलेले आपले पांढऱ्या रक्ताचे मासे याही वेळी ठणठणीत होते. जहाजावर पाच आठवडे मी त्यांना माझ्या हाताने भरवलं. पशुवैद्यांनी एकेक तपासून तसं लेखी दिलंय. टाकीत नराने खडे सरकवून गोल घरटं केलं, मादीने अंडी घातली आणि बाप पहाऱ्याला बसला. दर आठवड्याला पाणी अर्धा अंश वाढवत नेलं. तीन अंशांपर्यंत गडी जागचा हलला नाही, पंखांनी अंड्यांवर पाणी घालत राहिला. चार अंशांना त्या बिनतांबड्या रक्ताला प्राणवायू पुरेना, त्याला धाप लागली. घरटं सोडून तो पाणी आत येतं त्या नळीला तोंड लावून पडला. आठ दिवसांत अंडी नासली. शेजारच्या थंड टाकीत मात्र काल पिल्लं निघाली. सांगायला आनंदाने तुझ्या खोलीकडे धावले होते, पण तू त्या जहाज देणाऱ्या मासेमारी कंपनीच्या माणसांबरोबर बसली होतीस.

मागच्या खेपेला तू म्हणालीस, "मासे प्रवासात आजारी पडले होते, असं एक वाक्य घाल. पाणी तापलं की मासे टिकत नाहीत असं छापून मासेमारीचा परवाना अडला, तर कंपनी जहाज देणार नाही, आणि जहाज नसेल तर आपलं संशोधन बसेल बोंबलत." मी मुकाट्याने ते वाक्य घातलं. ताई, ते मासे आजारी नव्हते. मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मला डबा जात नाही.

आई गेल्यावर माझ्या वेण्या घालता घालता तू परीक्षेची उत्तरं पाठ करायचीस. चुकलीस की वेणी ओढली जायची आणि किंचाळले म्हणून तुझा ओरडाही मीच खायचे. पुढे तुझ्या पहिल्या प्रयोगात बारा आकड्यांतला एक जुळेना, तेव्हा मी तो खोडायला निघाले, तर तू खोडरबर खिडकीबाहेर भिरकावलंस. "जे दिसलं ते लिहायचं," म्हणालीस. मी तेवढंच शिकले, दुसरं काही मला येत नाही. आता तू मला कृतघ्न म्हण, आगाऊ म्हण, शीतकक्षाची किल्ली काढून घे. ते वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही. जहाज नाही मिळालं तर नाही मिळालं.

पण हे पत्र तेवढ्यासाठी नाही. मागच्या अहवालातलं ते वाक्य खोटं होतं आणि ते मी लिहिलं, असं माझ्या सहीनिशी आज दुपारी तो अहवाल छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना कळवलंय. तुझा उल्लेख केलेला नाही, उद्या विचारलं तरी करणार नाही. नवा अहवाल शुक्रवारी जाईल. काम तुझं, विचार तुझा, म्हणून लेखकांतल्या पहिल्या नावाची जागा मोकळी ठेवलीय. तिथे माझं नाव घालणार नाही. तुझं घालायचं, तर तुला येऊन सही करावी लागेल, आणि त्याआधी पानन् पान वाचावं लागेल. मी सकाळी आठपासून टाक्यांपाशी आहे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी